नावं ठेवणारे खेळ

२०१७ साली हॉस्टेलच्या खोलीत, मित्राच्या सेकंडहँड लॅपटॉपवर मी पहिल्यांदा 'अंडरटेल' सुरू केला. गेमने सुरुवातीलाच नाव विचारलं. रात्रीचे दोन वाजले होते, सबमिशन दोन दिवसांवर होतं, नाव वगैरे देण्याचा उत्साह नव्हता. सहा अक्षरांची मर्यादा होती, म्हणून 'ए'वर सहा वेळा बटण दाबलं आणि पुढे गेलो. गेम म्हणाला, फार काही सुचलेलं दिसत नाही...?

आम्ही दोघंही सरळ बसलो. हा नेहमीचा एरर मेसेज नव्हता. कोणीतरी कधीतरी बसून विचार केला होता की एक आळशी माणूस येईल, सहा वेळा 'ए' दाबेल, आणि त्याला एक टोमणा मारला पाहिजे. तो माणूस मी होतो.

त्या रात्री गेम पुढे खेळलोच नाही. मित्राचा एकदा खेळून झालेला होता, त्याला पात्रांची नावं ठाऊक होती. पहाटेपर्यंत आम्ही नुसती नावं टाकत बसलो. टोरिएल ही त्या गेममधली मायाळू आई. तिचं नाव टाकलं तर ती म्हणते, बाळा, तू तुझं स्वतःचं नाव शोधावंस असं मला वाटतं. 'सॅन्स' टाकलं तर एका शब्दात नकार. अल्फिस ही बुजरी, अडखळत बोलणारी शास्त्रज्ञ. ती म्हणते, न-नको ना. मग तिच्या नावातलं शेवटचं अक्षर काढून 'अल्फी' टाकलं, तर म्हणते, अं... बरं? 'नॅप्स्टा' टाकलं तर गेम कळवतो की ते बिचारं भूत तुम्हाला अडवायला असमर्थ आहे. 'गॅस्टर' टाकलं तर उत्तरच येत नाही, गेम मुकाट्याने पहिल्यापासून सुरू होतो. आणि 'फ्रिस्क' टाकलं तर बजावतो की या नावाने तुझ्या आयुष्याचा नरक होईल, तरी पुढे जायचंय का?

यातलं माझं सगळ्यात लाडकं उत्तर पपायरसचं. पपायरस हा उत्साहाने फसफसणारा सांगाडा आहे, सॅन्सचा भाऊ. इंग्रजीत त्याचं नाव सात अक्षरांचं होतं, म्हणजे सहाच्या मर्यादेत ते बसतच नाही. पण ज्याचा त्याच्यावर जीव आहे तो काय करेल? शेवटचा 'एस' गाळेल. तर 'पपायरू' एवढंच टाकलं की मोठ्या अक्षरांत उत्तर येतं, चालेल! थोडा विचार करा. गेम लिहिणारा टोबी फॉक्स स्वतःच घातलेल्या मर्यादेच्या पलीकडे उभा राहून, ती मर्यादा वाकवू पाहणाऱ्या एका अनोळखी माणसाची कल्पना करतोय, आणि त्याला सांगतोय की चालेल.

माझं नाव ज्ञानेश्वर. रोमन लिपीत अकरा अक्षरं. सहात बसवलं तर नुसतं 'ज्ञाने' उरतं, म्हणजे जुन्या मराठीत तृतीया विभक्तीतला मी. त्यावर अंडरटेल काही बोलला नाही. त्याचं मला वाईट वाटलं नव्हतं. आता थोडं वाटतं, त्याबद्दल पुढे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे परवा ऑफिसात जेवताना झालेला वाद. आमच्या टीममधला एक सीनियर, माणूस हुशार, गेमही खेळणारा, म्हणाला, "अरे, असल्या गोष्टी आता हाताने लिहायची गरजच नाही. मागे एक मॉडेल बसवायचं. कुठलंही नाव टाक, काहीतरी मजेशीर उत्तर येईल. लिहून ठेवलेल्या पन्नास नावांपेक्षा सगळ्याच नावांना उत्तर मिळणं चांगलं ना?" माझ्या तोंडात घास होता, आणि घास नसता तरी तेव्हा मला काही सुचलं नसतं. एवढंच कळत होतं की हे चूक आहे, आणि थोडंथोडकं नाही, मुळातूनच चूक आहे. आज घास गिळून झालाय.

आधी धंद्यातली एक साधी गोष्ट. प्रोग्राममध्ये नावाचं दोन प्रकारे काही करता येतं. एक, ते व्हेरिएबलमध्ये ठेवायचं आणि जिथे भोक ठेवलंय तिथे नेऊन चिकटवायचं. बँकेचा ईमेल येतो, 'प्रिय ज्ञानेश्वर, आपल्यासाठी खास', तो हा प्रकार. त्यात ज्ञानेश्वरच्या जागी घटोत्कच टाकला तरी बाकीच्या पत्राला फरक पडत नाही. दुसरा प्रकार म्हणजे 'इफ'. नाव जर अमुक असेल तर हे वाक्य. हे 'इफ' आपोआप उगवत नाही. कोणालातरी त्या नावाशी थांबावं लागतं, त्या नावाचा माणूस किंवा ते नाव टाकणारा माणूस डोळ्यांपुढे आणावा लागतो, आणि मग एक ओळ लिहावी लागते. अंडरटेलचे जवळपास सगळे संवाद म्हणे एकाच अजस्र 'स्विच'मध्ये कोंबलेले आहेत, शेकडो केसेस. लोकांनी गेम उकलून तो कोड बाहेर काढला तेव्हा प्रोग्रामर मंडळी पोट धरून हसली. मीही हसलो होतो. कोड रिव्ह्यूमध्ये असलं काही आलं तर मी आजही परत पाठवीन. पण त्या स्विचमधली एकेक केस म्हणजे एकेक विचारात घेतलेला माणूस आहे, हे तेव्हा दिसलं नव्हतं.

भाषा-मॉडेल मी रोज वापरतो, त्यामुळे सोवळं नेसून बोलत नाहीये. पण माझ्या सहकाऱ्याच्या योजनेत हे 'इफ' नाहीसं होतं. सगळ्या नावांना उत्तर मिळतं याचा अर्थ कुठल्याही नावाशी कोणी थांबलेलं नाही. बँकेच्या ईमेलातलं भोक तेवढं मोठं झालं, पूर्ण वाक्याएवढं झालं. ते वाक्य गमतीदार असेल, प्रसंगाला धरून असेल, कदाचित टोबी फॉक्सच्या वाक्यापेक्षा सरसही असेल. मात्र मी येण्याआधी तिथे कोणी माझी वाट पाहत नव्हतं. गुप्त उत्तराची सगळी गंमत त्या 'आधी'मध्ये आहे. तुम्ही एका ओसाड कोपऱ्यात जाता आणि कळतं की इथे कोणीतरी येऊन गेलंय, आणि तुम्ही याल हे त्याला ठाऊक होतं. मॉडेलच्या बाबतीत तो कोपरा तुम्ही गेल्यावर तयार होतो.

ही खोड नवी नाही. १९८६ च्या पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये नायकाच्या नावातल्या अक्षरांना आतल्या आत आकडे दिलेले होते, आणि त्यांच्या हिशेबावरून त्याची ताकद, चपळाई कशी वाढणार ते ठरायचं. पडद्यावर याचा उच्चारही नाही. आपल्याकडे नावात एक जादा 'ए' घालून नशीब पालटून देणारे अंकशास्त्री आहेत. त्यांचं शास्त्र खरं ठरतं असं मला माहीत असलेलं एकमेव विश्व म्हणजे ड्रॅगन क्वेस्ट. त्याच वर्षीच्या 'झेल्डा'त स्वतःचं नाव 'झेल्डा' ठेवलं की सगळा गेम वेगळ्या, अवघड मांडणीत सुरू होतो. 'सिम्फनी ऑफ द नाइट' एकदा संपवून पुन्हा 'रिक्टर' नावाने सुरू केला की नायकच बदलतो.

'नेटहॅक'ची गोष्ट याहून खोल आहे. १९८७ पासून फुकट वाटला जाणारा, अक्षरांनी काढलेल्या चित्रांचा हा गेम. त्यात तुम्हाला एक साधा एल्फी खंजीर सापडला आणि त्याचं नाव तुम्ही 'स्टिंग' ठेवलंत, तर तो खरोखर स्टिंग होतो, टॉल्किनच्या कथेतला तो खंजीर. पण तुम्ही हावरटपणा करून एखाद्या साध्या शस्त्राला दिव्य शस्त्राचं नाव द्यायला गेलात, तर कोरताना तुमचा हात घसरतो आणि नावातलं एखादं अक्षर चुकतं. हात घसरतो! नकार देण्याची यापेक्षा सुसंस्कृत पद्धत मी पाहिलेली नाही. नेटहॅक खेळणाऱ्यांमध्ये एक म्हणच आहे की हे डेव्हलपर लोक प्रत्येक गोष्टीचा विचार करून ठेवतात.

आणि 'प्लेनस्केप: टॉर्मेंट', १९९९. यात नायकाला नावच नाही, तो विसरलाय. लोक विचारतात तेव्हा तुम्ही थाप मारू शकता की मी अ‍ॅडान. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. ही थाप पुरेशा लोकांना मारलीत, आणि नंतर एका विशिष्ट दारूच्या गुत्त्यात गेलात, तर तिथे अ‍ॅडान बसलेला असतो. तुमच्या खोटं बोलण्यातून जन्मलेला माणूस. तो तुम्हाला ओळखतो. बहुतेक खेळणाऱ्यांना तो कधीच भेटत नाही, कारण बहुतेक लोक इतक्या चिकाटीने खोटं बोलत नाहीत. तरी कोणीतरी त्याला लिहिलं, तिथे बसवलं, आणि गेम विकायला पाठवून दिला.

माझ्या सहकाऱ्याचा मुद्दा इथेच कोसळतो असं मला वाटतं. मॉडेलला अ‍ॅडान आहेस का विचारा, ते हो म्हणेल. बापू आहेस का विचारा, तेही म्हणेल. खऱ्या गुप्त उत्तरांपैकी अर्धी तर नकाराची आहेत. सॅन्स नाही म्हणतो, टोरिएल प्रेमाने नाही म्हणते, नेटहॅक हात घसरवतो. गेम बॉयवरच्या 'लिंक्स अवेकनिंग'मध्ये दुकानातून वस्तू चोरून पळालात, तर त्यानंतर बेटावरचा प्रत्येक माणूस तुम्हाला 'चोर' म्हणून हाक मारतो. तुम्ही दिलेलं नाव गेलं, शेवटपर्यंत गेलं. मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांच्यात एका अनुस्वाराचं अंतर आहे, आणि चांगले आरपीजी नेमके त्या अनुस्वारावर उभे असतात. आपण त्यांना नाव देतो, ते उलट आपल्याला नावं ठेवतात. नावं ठेवायला समोर कोणीतरी असावं लागतं, ज्याचं स्वतःचं काही मत आहे.

मत नसलेलं पात्र कसं वागतं ते २०२५ च्या मे महिन्यात सगळ्यांनी पाहिलं. 'फोर्टनाइट'मध्ये मॉडेलवर चालणारा, कोणाशीही गप्पा मारणारा डार्थ व्हेडर आणला. काही तासांत लोकांनी त्याच्याकडून शिव्या वदवून घेतल्या आणि कंपनीला घाईघाईने दुरुस्ती करावी लागली. मला त्या शिव्यांचं काही नाही, हॉस्टेलात राहिलेला माणूस आहे. पण ज्याच्या नुसत्या श्वासाने लोकांचा थरकाप उडायचा, तो व्हेडर कोणी काय बोलावं ते बोलायला लागला, याला गप्पा म्हणायचं का?

आता माझ्याच बाजूला टोचणारी गोष्ट. नकार हे जर माणसाचं लक्षण असेल, तर 'कृपया वैध नाव भरा' म्हणणारा ऑनलाइन फॉर्मही माणूसच ठरतो. तेवीस वर्षांचा असताना, पहिल्या नोकरीत, असा एक फॉर्म मीच लिहिलाय. नावात फक्त इंग्रजी 'ए' ते 'झेड' आणि मध्ये एखादी स्पेस, बाकी सगळं अवैध. टेस्टिंगला बसलेली गोव्याची सहकारी डिसोझा. तिच्या आडनावात रोमन लिपीत 'डी'नंतर एक वरचा स्वल्पविराम येतो. माझ्या फॉर्मने तिला लाल अक्षरांत सांगितलं की तुझं नाव अवैध आहे. ती हसली आणि म्हणाली, सवय आहे. मला अजून ते 'सवय आहे' विसरता येत नाही. तोही नकार होता, पण टोरिएलचा नकार तुम्ही कोणाचं नाव घेतलंत हे ओळखून येतो आणि माझ्या फॉर्मचा नकार कोणालाच न ओळखता आला होता. मी त्या नावाशी थांबलोच नव्हतो. थांबलो असतो तर दोन मिनिटांचं काम होतं.

म्हणून 'हे फालतू लाड आहेत, वेळेचा अपव्यय आहे' असं कोणी म्हणालं की मी चिडतो. जे लोक पपायरूसाठी ओळ लिहितात त्यांनाच डिसोझाबाईंचा स्वल्पविराम सुचतो. स्नायू एकच आहे. आपल्या इंडस्ट्रीने तो वापरायचाच सोडलाय, कारण डॅशबोर्डवर त्याचा आकडा दिसत नाही. 'किती टक्के युजर हे पाहणार?' हा प्रश्न मीटिंगमध्ये आला की समजायचं, गेलं. अ‍ॅडान कुठल्याही मीटिंगमधून पास झाला नसता.

आणि ज्याने तो लिहिला त्याचं नाव तरी कुठे असतं? व्हिडिओ गेममधली सगळ्यात प्रसिद्ध लपवलेली गोष्ट हे मुळात नावच आहे, पात्राचं नाही, प्रोग्रामरचं. त्या काळी अटारी कंपनी गेम बनवणाऱ्यांची नावं गेमवर छापत नसे. वॉरन रॉबिनेटने 'अ‍ॅडव्हेंचर'मध्ये कोणालाही न सांगता एक गुप्त खोली बांधली. पडद्यावर सहज न दिसणारा एका टिंबाएवढा ठिपका शोधून योग्य जागी नेलात तरच त्या खोलीत जाता येतं, आणि आत काय आहे? हे वॉरन रॉबिनेटने बनवलं, एवढंच. कंपनीला पत्ता लागला तो एका शाळकरी मुलाचं पत्र आल्यावर, आणि तोपर्यंत रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता. कंपनीच्या डोक्यावरून, एका पगारी माणसाने एका अनोळखी मुलाला आपलं नाव सांगितलं. गुप्त उत्तरांची वाट अजूनही तीच आहे, तेवढी एकच जागा अशी आहे जिथे लिहिणारा आणि खेळणारा यांच्या मध्ये कोणी उभं नसतं. माझंच पाहा, सहा वर्षं नोकरी करतोय. माझं नाव माझ्या कामावर कुठे दिसतं? 'गिट ब्लेम' नावाच्या कमांडमध्ये. म्हणजे तिथेही नावं ठेवायलाच.

जी मंडळी गेम बाहेर पडल्याच्या दिवशी तो उकलून आतल्या सगळ्या नावांची यादी तक्ता करून टाकतात, त्यांच्यावरही माझा राग आहे, पण तो जास्त ताणणार नाही, कारण वर दिलेल्या उत्तरांपैकी निम्मी मीही तशाच यादीत वाचलेली आहेत. उखाणा पाठ करून बसलेल्या पाहुण्यासारखं होतं आपलं. एवढंच म्हणेन की यादी वाचलेल्याला उत्तर मिळतं, पण उत्तर मिळाल्याचा झटका मिळत नाही.

'स्टार्ड्यू व्हॅली'च्या यादीला मात्र माफी. त्यात स्वतःचं नाव म्हणून चौकटी कंसात एखाद्या वस्तूचा क्रमांक टाकायचा. गावातली माणसं संवादात तुमचं नाव घ्यायची, गेम त्या कंसाला सूचना समजायचा, आणि दर हाकेला ती वस्तू तुमच्या पिशवीत येऊन पडायची. हे लपवलेलं उत्तर नव्हे, निव्वळ भोक होतं; वेबवाले ज्याला इंजेक्शन म्हणतात त्याचं निरागस भावंड. पण लोक हाक मारायचे आणि हिरे पडायचे, हे एखाद्या आजीच्या गोष्टीतलं वाटतं म्हणून सांगितलं.

सगळ्यात जड आक्षेप अजून राहिलाय, आणि तो माझ्या सहकाऱ्याने घेतला नव्हता, मीच घेतोय. वाट पाहणारा माणूस कोणाची वाट पाहतो? 'फॉलआउट ४'मध्ये कॉड्सवर्थ नावाचा एक यंत्र-नोकर आहे. त्याच्या आवाजात हजाराच्या आसपास नावं रेकॉर्ड केलेली आहेत. तुमचं नाव त्यात असेल तर तो चक्क नावाने बोलावतो. २०१५ मध्ये याचं फार कौतुक झालं. मी 'ज्ञानेश्वर' टाकलं. कॉड्सवर्थ म्हणाला, सर. मग आजीचं नाव टाकलं, द्वारकाबाई. मॅडम म्हणतात तसलं काहीतरी म्हणाला. हजार लोकांची वाट पाहिली गेली, आणि आम्ही दोघं त्यात नव्हतो. उघड आहे, का असावं? अमेरिकेतल्या एका कंपनीने अमेरिकेतल्या नावांची यादी केली. मॉडेलवाले म्हणतील, बघ, आमचं यंत्र 'द्वारकाबाई' म्हणून दाखवेल. दाखवेल. बँकही दाखवते.

पण यावर उपाय आहे, आणि तो फार जुना आहे. आपण लिहायचं.

तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टला मी एक छोटा टेक्स्ट गेम लिहिला होता. शेवटची एसटी चुकलेला माणूस रात्रभर स्टँडवर अडकलाय, एवढीच गोष्ट. कॉलेजात टर्बो सी प्लस प्लस, त्यामुळे देवनागरीचं नाव काढायची सोय नाही. सगळं मराठी रोमन लिपीत. सुरुवातीला कंट्रोलर खिडकीतून नाव विचारतो. त्यात मी खोलीच्या आजूबाजूच्या अकरा पोरांची टोपणनावं लपवली होती, प्रत्येकाला एकेक उत्तर. परीक्षकांनी अर्थातच स्वतःची नावं टाकली, त्यांना काहीच मिळालं नाही, मार्क बरे मिळाले. पोरांना मी गेम पेनड्राइव्हवर दिला आणि उत्तरांबद्दल बोललो नाही. त्यांनी तो उघडलाही नाही. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी कोण कोणाचा मिनी प्रोजेक्ट उघडतं?

गेल्या पावसाळ्यात रात्री एकच्या सुमाराला फोनवर पैसे जमा झाल्याचा आवाज आला. तीनशे चाळीस रुपये. मागोमाग एक फोटो. बापूचा. बापूशी माझं तीन वर्षं बोलणं नव्हतं; भांडण असं नाही, लग्नं, नोकऱ्या, शहरं, व्हायचं तेच. घर बदलताना त्याला तो पेनड्राइव्ह सापडला होता. डॉसबॉक्स टाकून त्याने गेम चालवला, आणि कंट्रोलरने नाव विचारल्यावर त्याच्याही नकळत 'बापू' टाकलं. फोटोत काळ्या पडद्यावर माझी ओळ होती: बापू, मॅगीचे ३४० रुपये. त्याशिवाय गाडी नाही.

पैसे पाठवताना त्याने खाली शेरा लिहिला होता, 'आता सोड गाडी'. मग आम्ही पहाटेपर्यंत बोललो. त्याची मुलगी सव्वा वर्षाची झाली हेही मला त्या रात्रीच कळलं.

माझ्या सहकाऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, हो, पण हे स्केल होत नाही. बरोबर आहे. अकरातले दहा जण अजून स्टँडवरच आहेत.

सध्या शनिवार-रविवारी तोच गेम पुन्हा लिहितोय, यावेळी देवनागरीत. नावाची मर्यादा सहा अक्षरांची ठेवायची असं ठरवलं आणि पहिल्याच दिवशी अडकलो. 'ज्ञानेश्वर' आपल्या कानाला चार अक्षरं, युनिकोडला दहा, आणि डिस्कवर तीस बाइट. लायब्ररीचं तयार फंक्शन वापरलं असतं तर मी माझ्याच गेममध्ये मावलो नसतो. मग जोडाक्षरं धरून मोजणारं लिहिलं. आता 'द्वारकाबाई' पाचात बसतं. नावांची यादी दोनशेच्या पुढे गेलीय: विठोबाची वेगवेगळी नावं, गावाकडच्या म्हाताऱ्यांची, आडनावासकट डिसोझा, कंसात क्रमांक टाकणाऱ्या चलाखांसाठी एक, आणि 'अ' सहा वेळा दाबणाऱ्यासाठी एक. आजीला अजून दाखवला नाहीये. तिला नाव विचारलं की ती आधी आजोबांचं आडनाव सांगते, मग माहेरचं सांगू का विचारते, आणि बारशाला आत्याने कानात सांगितलेलं तिसरंच एक होतं म्हणते, ते आता कोणी घेत नाही. तिन्हींना वेगवेगळी उत्तरं लिहिली आहेत. काहीच न टाकता नुसतं एंटर दाबणाऱ्याला कंट्रोलरने काय म्हणावं ते मात्र तीन आठवडे सुचत नाहीये. एखादं ठरीव नाव देऊन पुढे ढकलायचं नाही, एवढंच ठरलंय.